ग्लोव्हबॉक्समधील थर्मल अ‍ॅनालिसिस : बडोद्यातील एका चाचणी सेवेचे परीक्षण

हवा लागताच बिघडणाऱ्या, पेट घेणाऱ्या किंवा विषारी धूर सोडणाऱ्या पदार्थांचे थर्मल अ‍ॅनालिसिस (म्हणजे तापवताना होणाऱ्या बदलांचे मापन) ग्लोव्हबॉक्सच्या, म्हणजे हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीच्या, आतच करून देणारी एक खासगी प्रयोगशाळा बडोद्याच्या औद्योगिक पट्ट्यात आहे. गेल्या पावसाळ्यापासून आमच्या लहानशा उत्प्रेरक-विकास कामाचे नमुने मी तिथे देत आलो आहे. प्रयोगशाळेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही उणिवा स्पष्ट लिहिणार आहे, त्या त्यांना पत्राने आधीच कळवल्या आहेत आणि त्यांतील निम्म्या त्यांनी दुरुस्तही केल्या आहेत. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. उघड्या क्रुसिबलमध्ये, म्हणजे नमुना तापवण्याच्या लहान वाटीत, वजन-घट मोजायची असेल, म्हणजे टीजीए करायचे असेल, तर या सेवेचे पैसे पुरेपूर वसूल होतात. डीएससीसाठी, म्हणजे तापताना नमुना किती उष्णता घेतो वा सोडतो हे मोजण्यासाठी, मात्र बहुतेकांना या खर्चाची गरज नाही. आणि काम कोणतेही असो, पेटीच्या मीटरवरचा आकडा पाहून समाधान मानू नये, कारण नमुना तापतो तो पेटीत नव्हे, भट्टीत.

आमचा पदार्थ कोणता हे सांगितल्याशिवाय या परीक्षणाला अर्थ नाही. पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक बनवण्यासाठी लागणाऱ्या झिग्लर-नाट्टा उत्प्रेरकाचा आधार म्हणून निर्जल मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात, आणि त्याला गोल, एकसारख्या कणांचे रूप देण्यासाठी आधी त्याचे इथेनॉलबरोबर संयुग तयार करतात. १९६५ साली कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि १९६९ साली आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी आल्यापासून बडोद्यात पॉलिमरची भाषा कळणाऱ्यांना तोटा नाही, त्यामुळे या विषयाची ओळख करून देण्यात अधिक जागा घालवत नाही. एवढेच महत्त्वाचे की मॅग्नेशियम क्लोराइडच्या एका रेणूमागे इथेनॉलचे किती रेणू आहेत, हा आकडा पुढच्या टायटॅनियम टेट्राक्लोराइडच्या प्रक्रियेत किती इथेनॉल बाहेर काढायचे आहे आणि कणात किती छिद्रे उरणार आहेत हे ठरवतो. तो आकडा काढण्याचा सरळ मार्ग म्हणजे संयुग हळूहळू तापवणे, इथेनॉल जाऊ देणे आणि घटलेले वजन मोजणे.

अडचण अशी की हे संयुग कमालीचे आर्द्रताशोषी आहे. पावसाळ्यातल्या हवेत ते उघडे ठेवले की बघता बघता त्याची पूड चिकट होते, आणि त्याने शोषलेले पाणी ज्या तापमानाला बाहेर पडते त्याच पट्ट्यात इथेनॉलही बाहेर पडत असते, त्यामुळे वजन-घटीच्या आलेखावरून कोणते किती गेले हे सांगता येत नाही. हिशेब करून पाहावा. एकास तीन प्रमाणातल्या शुद्ध संयुगात वजनाने ५९.२ टक्के इथेनॉल असते. अशा १०० मिलिग्रॅम नमुन्याने नुसते २ मिलिग्रॅम पाणी ओढून घेतले, तर एकूण घट ६० टक्के दिसते, आणि ती सगळी इथेनॉलची समजून गणित मांडले की ३.०० ऐवजी ३.१० उत्तर येते. शिवाय पाणी लागलेले मॅग्नेशियम क्लोराइड तापल्यावर त्याचे जलविघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड निसटतो आणि तळाशी उरलेला पदार्थ आपण गृहीत धरलेला राहतच नाही. दोन घाण्यांमधला, म्हणजे उत्पादनाच्या दोन खेपांमधला, खरा फरकच जिथे ०.१ च्या आसपास असतो, तिथे अशा मापनावर निर्णय घेणे म्हणजे डोळे मिटून सही करणे.

नमुना द्यायला गेलो तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी पहिल्यांदा कागदपत्र मागितले नाही, तर बाटली हातात घेऊन झाकण दोनदा फिरवून पाहिले. त्या मूळच्या बडोद्याच्याच, त्यामुळे बोलणे मराठीतच झाले. "सर, ही बाटली व्हॅक्यूममध्ये तग धरेल का? नाहीतर तुमचं इथेनॉल माझ्या पंपाच्या तेलात जाईल आणि तुम्ही म्हणाल की प्रयोगशाळेचा आकडा कमी येतो." हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. कोणतीही वस्तू ग्लोव्हबॉक्समध्ये घेताना ती आधी पेटीला जोडलेल्या लहान कप्प्यात, म्हणजे अँटीचेंबरमध्ये, ठेवून, तेथील हवा पंपाने काढून, आर्गॉन हा निष्क्रिय वायू भरून, हेच चक्र साधारण तीन वेळा करावे लागते. झाकण सैल असेल तर आमच्यासारख्या संयुगातील अल्कोहोल तिथेच उडू लागते, म्हणजे नमुना हवेपासून वाचवण्याच्या खटाटोपात मोजायची गोष्टच हरवते. त्यांनी आमची बाटली नाकारली, आपल्याकडची जाड भिंतीची, टेफ्लॉनच्या अस्तराचे झाकण असलेली बाटली दिली आणि आमच्याच कारखान्यातल्या ग्लोव्हबॉक्समध्ये भरून, वजन करून, अ‍ॅल्युमिनियमच्या थराच्या पिशवीत सील करून आणायला सांगितले. आत घेतल्यावर बाटलीचे वजन पुन्हा केले आणि दोन्ही वजने अहवालात लिहिली. असा ताळा मी इतरत्र पाहिलेला नाही.

यंत्राची मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. वजन आणि उष्णताप्रवाह एकाच वेळी नोंदवणारे हे यंत्र पेटीच्या तळाला केलेल्या खोलगट विहिरीत बसवले आहे, त्यामुळे भट्टीचे तोंड काम करणाऱ्याच्या हाताच्या उंचीला येते आणि जड भाग व तापमान स्थिर ठेवणारी पाण्याची नळी पेटीच्या बाहेर राहते. पाण्याची नळी ग्लोव्हबॉक्सच्या आतून नेलेली यंत्रेही असतात, आणि लिथियमचे पदार्थ हाताळणाऱ्या पेटीत पाण्याची नळी ही कल्पनाच मला अस्वस्थ करते. वजनकाटा मायक्रोग्रॅमपर्यंत संवेदनशील असल्याने पेटीतील वायू फिरवणाऱ्या पंख्याचा कंप त्याला जाणवतो, आणि कोणी हातमोज्यात हात घातला की पेटीतला दाब क्षणभर वाढून वजनाची रेषा उडी घेते. म्हणून मापन सुरू झाल्यावर या पेटीत कोणीही हात घालत नाही आणि दाराशी तसा फलक लावलेला आहे. आमच्या संयुगाच्या वेळी नमुना भरताना पंखाही बंद ठेवला होता, कारण कोरड्या आर्गॉनचा झोत सतत वाहत असला की इथेनॉल हळूहळू सुटत राहते.

भरण्याचे काम मी काचेबाहेर उभा राहून पाहिले. जाड ब्युटाइल रबराच्या हातमोज्यांतून काही मिलिग्रॅम पूड नखाएवढ्या अ‍ॅल्युमिना क्रुसिबलमध्ये टाकणे हे धीराचे काम आहे, आणि आतील वातावरण अतिकोरडे असल्यामुळे स्थिर विद्युत इतकी साठते की स्पॅच्युलावरची पूड क्रुसिबलजवळ येताच कडेकडे उडून बसते. तंत्रज्ञाने घाई केली नाही. क्रुसिबल आधी धातूच्या ठोकळ्यावर ठेवले, कडेला लागलेले कण मऊ कुंचल्याने पुसून घेतले, बारीक भोकाचे झाकण लावले आणि मगच चिमट्याने उचलून काट्याच्या दांडीवर ठेवले. टोकदार चिमटा वापरला नाही, कारण त्याने मोजा फाटला की साऱ्या पेटीचे वातावरण बिघडते. हातमोज्यांविषयी एक गोष्ट सांगून ठेवतो. रबर कितीही चांगले असले तरी त्यातून पाण्याची वाफ आणि ऑक्सिजन अत्यल्प प्रमाणात झिरपतच असतो, त्यामुळे मोजे जुने होत जातात तसा पेटीतला आकडा चढू लागतो. इथे मोज्यांवर बदलल्याची तारीख लिहिलेली होती.

आता ज्या मुद्द्यावर माझा त्यांच्याशी खरा वाद झाला तो. अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते की पेटीत ऑक्सिजन ०.१ पीपीएमपेक्षा (दहा लाखांत ०.१ भागापेक्षा) कमी आणि पाणीही तितकेच कमी. हे खरे असेलही. परंतु नमुना ज्या भट्टीत तापतो तिच्यातून पेटीतला वायू वाहत नाही. तिला बाहेरच्या सिलिंडरमधून स्वतंत्र पर्ज वायू, म्हणजे भट्टीतून सतत वाहता ठेवलेला वायू, दिलेला असतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ९९.९९९ टक्के शुद्धतेचा आर्गॉन म्हणजे सगळ्या अशुद्धी मिळून १० पीपीएमपर्यंत असू शकतात. त्यांतला सगळा वाटा ऑक्सिजनचा धरला आणि प्रवाह मिनिटाला ५० मिलिलिटर असला, तर तासाला ०.०३ मिलिलिटर, म्हणजे सुमारे ४० मायक्रोग्रॅम ऑक्सिजन नमुन्यावरून जातो. ज्या यंत्राला एक मायक्रोग्रॅम दिसतो त्याला हे ४० मायक्रोग्रॅम डोंगराएवढे आहेत. सोडियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइडसारख्या हायड्रोजन साठवणाऱ्या पदार्थाचे उदाहरण घ्या. त्याच्या विघटनाच्या पहिल्या पायरीत वजन ३.७ टक्क्यांनी घटते, म्हणजे ५ मिलिग्रॅम नमुन्यात १८५ मायक्रोग्रॅम. ऑक्सिजनने त्याच वेळी ४० मायक्रोग्रॅमची भर घातली तर घटीचा पाचवा हिस्सा झाकला जातो आणि संशोधक बिचारा आपल्याच पदार्थात खोट शोधत बसतो.

यावर उपाय ठाऊक असलेलेच आहेत. सिलिंडर आणि यंत्र यांच्यामध्ये ऑक्सिजन व पाणी टिपणारे शुद्धीकरण-नळकांडे बसवायचे, भट्टीच्या आत नमुन्याच्या खाली तापलेल्या झिर्कोनियमचे कडे ठेवायचे म्हणजे उरलासुरला ऑक्सिजन तेच खाते, आणि सगळ्यांत महत्त्वाचे, नमुन्याआधी स्वच्छ तांब्याचा पत्रा क्रुसिबलमध्ये ठेवून पाच-सहाशे अंशांवर तासभर तापवून त्याचे वजन वाढते का हे पाहायचे. पत्र्याचे वजन वाढले तर भट्टीत हवा आहे, मग पेटीचा मीटर काहीही म्हणो. या प्रयोगशाळेत नळकांडे होते, पण ते शेवटचे कधी बदलले याची नोंद नव्हती. तांब्याची चाचणी ते करत होते, पण ग्राहकाला देत नव्हते. निरनिराळ्या दिवशी केलेल्या आमच्या नमुन्यांच्या अहवालांत पेटीचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत एकच छापलेला पाहिला तेव्हा कुठेतरी पाणी मुरते आहे अशी शंका येणे स्वाभाविक होते. चौकशीत निघाले इतकेच की तो आकडा अहवालाच्या ठरावीक नमुन्यात कायमचा टंकित करून ठेवलेला होता. मुद्दाम फसवण्याचा प्रकार नव्हता, पण चाचणी प्रयोगशाळेला ही ढिलाई शोभत नाही. पत्र लिहिल्यानंतरच्या अहवालांत त्या दिवशीची नोंद आणि तांब्याच्या चाचणीचा आलेख, दोन्ही येऊ लागले. मागितल्यावर मिळाले याचे श्रेय त्यांना, न मागता मिळायला हवे होते हा माझा आग्रह.

आर्गॉनच का, असे एका तरुण सहकाऱ्याने विचारले होते. नायट्रोजन स्वस्त आहे, पण लिथियम धातू साध्या तापमानालाही नायट्रोजनशी संयोग पावतो, म्हणून लिथियमवाल्यांच्या सोबतीने पेटी वापरणाऱ्या सर्वांनाच आर्गॉनचा खर्च सोसावा लागतो. आर्गॉनचे दोन परिणाम मापनावर होतात. तो नायट्रोजनपेक्षा सुमारे ४० टक्के जड असल्यामुळे उत्प्लावन बल अधिक असते आणि भट्टी तापत जाते तसे रिकामे क्रुसिबलही जड होत असल्याचा भास होतो. तो भास वजा करण्यासाठी त्याच क्रुसिबलचे, त्याच तापमान-कार्यक्रमाचे कोरे मापन घ्यावे लागते. दुसरे म्हणजे त्याची उष्णतावाहकता नायट्रोजनच्या साधारण दोन तृतीयांश आहे, त्यामुळे नायट्रोजनमध्ये केलेले डीएससीचे कॅलिब्रेशन आर्गॉनमध्ये लागू पडत नाही. या दोन्ही बाबतीत प्रयोगशाळा चोख आहे. इंडियम, कथील आणि जस्त यांच्या वितळण-बिंदूंवर, म्हणजे १५६.६, २३१.९ आणि ४१९.५ अंश सेल्सिअसवर, आर्गॉनमध्ये केलेल्या कॅलिब्रेशनच्या फायली त्यांनी तारखेसह दाखवल्या.

बाहेर पडणारे वायू ओळखण्यासाठी यंत्राला मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे वायू त्यांच्या कणांच्या वस्तुमानावरून ओळखणारे उपकरण, जोडलेला आहे. त्याचे शुल्क वेगळे आहे, आणि आमच्या कामात तो अनिवार्यच होता, कारण ३१ वस्तुमानाच्या खुणेवरून इथेनॉल आणि १८ वरून पाणी वेगळे दिसते. पहिल्याच अहवालात मात्र एक विधान असे आले की ३६ वस्तुमानावर हायड्रोजन क्लोराइड सुरुवातीपासून सतत सुटत आहे. मी तो आलेख बराच वेळ न्याहाळला. रेषा खोलीच्या तापमानापासूनच सपाट होती. जो वायू विघटनातून येतो तो तापमानाबरोबर चढतो आणि उतरतो, असा पहिल्या क्षणापासून मुक्काम ठोकून बसत नाही. कारण साधे आहे. आर्गॉनमध्येच ३६ वस्तुमानाचे समस्थानिक सुमारे ०.३३ टक्के असते. पीपीएमच्या भाषेत ते ३,३०० पीपीएमहून अधिक होते, आणि त्या गलक्यात थोड्याशा हायड्रोजन क्लोराइडचा आवाज ऐकू येणार कसा? तेच ३६ वस्तुमानाचे आर्गॉन दुहेरी विद्युतभारित झाले की १८ वर उमटते, त्यामुळे पाण्याची खूणही किंचित गढूळ होते. आर्गॉनमध्येच काम करायचे असेल तर ३५ वस्तुमानाची खूण पाहावी, जी क्लोरीनची आहे आणि तिथे आर्गॉनचे काही नाही. शक्य असेल तर भट्टीचा पर्ज वायू तेवढ्यापुरता हीलियम करावा. पेटी आर्गॉनचीच राहिली तरी चालते. प्रमुख बाईंनी हे फोनवर ऐकले, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, हीलियममध्ये पुन्हा करून देते. याचं बिल लावणार नाही." हीलियममधील आलेखात ३६ ची रेषा तळाला गेली, १८ वर जवळजवळ काही उरले नाही आणि वजन-घट सगळी इथेनॉलच्या खुणेबरोबर चालली. त्यावरून काढलेले प्रमाण आमच्या स्वतःच्या पडताळणीशी, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफने मोजलेले इथेनॉल आणि ईडीटीए टायट्रेशनने मोजलेले मॅग्नेशियम यांच्याशी, ०.०५ च्या आत जुळले. त्याच घाण्याचा नमुना बाहेरच्या साध्या टीजीएवर केला होता त्याचा आकडा ठळकपणे वर होता, जसा वरच्या हिशेबानुसार असायला हवा.

बाहेर पडणारा वायू जातो कुठे, हा प्रश्न ग्राहक सहसा विचारत नाहीत, पण सेवेचा दर्जा त्यावरून कळतो. भट्टीतून निघालेला वायू पेटीतच सोडला तर इथेनॉल शुद्धीकरण-यंत्रणेतल्या, पाणी टिपणाऱ्या मॉलेक्युलर सीव्हमध्ये जाऊन बसते आणि हायड्रोजन क्लोराइड ऑक्सिजन टिपणाऱ्या तांब्याच्या उत्प्रेरकाला कायमचे निकामी करू शकतो. येथे तो वायू तापवलेल्या नळीतून पेटीबाहेर, तेलाच्या बबलरमधून अल्कलीच्या स्क्रबरमध्ये जातो. गंधकयुक्त घन इलेक्ट्रोलाइट घेऊन आलेल्या एका ग्राहकाला त्यांनी आधी वेगळी व्यवस्था होईपर्यंत थांबवले होते, कारण त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघाला तर तांबे गेलेच. त्या ग्राहकाला राग आला होता. मला मात्र हे ऐकून बरे वाटले, कारण त्याच पेटीत उद्या माझा नमुना जाणार असतो.

त्यांच्या माहितीपत्रकावर मात्र माझा आक्षेप कायम आहे. त्यात हवेने बिघडणारे आणि आरोग्याला घातक असे दोन्ही प्रकारचे पदार्थ एकाच ओळीत घेऊन दोन्हींची सोय असल्याचे सांगितले आहे. ही पेटी बाहेरच्या दाबापेक्षा किंचित जास्त दाबावर चालते, जेणेकरून कुठे बारीक छिद्र पडले तर आतला आर्गॉन बाहेर यावा आणि बाहेरची हवा आत शिरू नये. नमुन्याचे रक्षण करायला हे योग्य आहे. पण बेरिलियमची पूड किंवा अतितीव्र औषधी घटक असेल, तर त्याच छिद्रातून तो माणसाच्या नाकाशी येईल. अशा पदार्थांना उलट, कमी दाबाची पेटी आणि बाहेर जाणाऱ्या वायूवर उच्च क्षमतेची गाळणी लागते. हवेलाही नाजूक आणि माणसालाही घातक असा पदार्थ असेल तर दोन्ही अटी एकाच वेळी पाळणारी खास मांडणी हवी, आणि ती येथे नाही. आपल्याकडे औषधनिर्मितीचे कारखाने कमी नाहीत. त्यांतील कोणी या पत्रकावर विसंबून नमुना पाठवला तर स्वागत-खिडकीवरच तो अडवला जाईल असा भरवसा मला वाटतो, कारण प्रमुख बाई सावध आहेत. परंतु पत्रक बाईंच्या सावधपणावर चालू नये.

डीएससीकडे वळतो. येथे मी वाचकांचा थोडा खर्च वाचवू इच्छितो. डीएससीत पॅन बंद असतो, म्हणून नमुना ग्लोव्हबॉक्समध्ये भरून, झाकण दाबून घट्ट सील केला की पुढचे मापन बाहेरच्या साध्या यंत्रावरही करता येते. झाकणाला भोक हवेच असेल तर ते मापनाच्या क्षणाआधी यंत्राच्या आपोआप नमुने बदलणाऱ्या हाताने पाडण्याची सोय असते. सील टिकले की नाही हे मापनानंतर पॅनचे वजन पुन्हा करून पाहिले की कळते. ही पद्धत हीच प्रयोगशाळा बऱ्याच कमी दरात करून देते, पण ती दरपत्रकात नाही, विचारावी लागते. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही, सरळ विचारावे. स्फोटक किंवा स्वतःहून विघटन पावणाऱ्या पदार्थांची छाननी करायची असेल तर सोन्याचा मुलामा दिलेले, उच्च दाब सोसणारे बंद क्रुसिबलच वापरायला हवे, कारण उघड्या पॅनमध्ये द्रव उडून जाताना जी उष्णता शोषली जाते ती विघटनाची उष्णता झाकून टाकते आणि घातक पदार्थ निरुपद्रवी दिसतो. वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत विघटन-उष्णता ३०० ज्यूल प्रति ग्रॅमपेक्षा कमी असणे हा स्वयंविघटनशील पदार्थांच्या वर्गातून वगळण्याचा एक निकष आहे. असा निर्णय ज्या आकड्यावर लागतो तो झाकणातून निसटलेल्या वाफेने बिघडू नये. अनोळखी उष्माक्षेपी पदार्थ असेल तर ही मंडळी दोन-तीन मिलिग्रॅमहून अधिक घेत नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

लिथियमवर काम करणाऱ्यांसाठी एक बाब. लिथियम १८०.५ अंशांना वितळतो आणि वितळलेला लिथियम अ‍ॅल्युमिनियमशी मिश्रधातू बनवतो, त्यामुळे नेहमीचे अ‍ॅल्युमिनियमचे पॅन येथे चालत नाहीत. प्रयोगशाळेच्या भिंतीवर कोणत्या पदार्थाला कोणते क्रुसिबल याचा तक्ता टांगलेला आहे आणि ग्राहकाने हट्ट धरला तरी तंत्रज्ञ त्या तक्त्याबाहेर जात नाही. मात्र अहवालात क्रुसिबलविषयी फक्त 'अ‍ॅल्युमिना' एवढेच लिहिले जाते. आकारमान, झाकण होते की नव्हते, भोक किती, यांतले काही नसते, आणि इथेनॉल सुटण्याचे तापमान झाकणाच्या भोकावर किती अवलंबून असते हे ज्याने दोन्ही प्रकारे करून पाहिले आहे त्याला माहीत आहे. मूळ आकडेवारी पीडीएफच्या चित्रांत देण्याची सवयही सोडायला हवी. मजकूर-फाइल मागितली की ईमेलने येते, पण प्रत्येक वेळी मागावी लागते.

दर साध्या टीजीएच्या तिपटीहून अधिक आहेत. आर्गॉन, शुद्धीकरण आणि हातमोजे यांचा खर्च पाहता ते अवाजवी म्हणता येत नाहीत, पण महाविद्यालयीन संशोधकाला जड जातील. सयाजीराव विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना सवलत मिळते असे तोंडी सांगितले गेले. ती लेखी दरपत्रकात यावी. वेळेचे म्हणाल तर दिलेला शब्द ते बहुधा पाळतात, अपवाद शुद्धीकरण-यंत्रणेच्या पुनर्जीवनाचा. तांब्याचा उत्प्रेरक आणि मॉलेक्युलर सीव्ह भरत आले की हायड्रोजन-मिश्रित वायू देऊन आणि तापवून ते पुन्हा कार्यक्षम करावे लागतात, त्याला रात्रभर आणि वर काही तास जातात आणि त्या वेळात पेटीवर काम होत नाही. हे कधी करणार याची तारीख त्यांना आधी ठाऊक असते, तेव्हा ती ग्राहकालाही कळवली तर आमच्यासारख्यांचा संयुगाचा ताजा घाणा बाटलीत ताटकळत बसणार नाही. उलट, पुनर्जीवन नुकतेच झालेले असताना नमुना दिला तर पेटी आपल्या उत्तम स्थितीत मिळते, म्हणून तारीख विचारून घेणे फायद्याचे आहे.

पुढचा घाणा मी तिथेच देणार आहे. मागणीपत्रावर या वेळी पर्ज वायू हीलियम, ३५ वस्तुमानाची खूण, त्याच दिवसाच्या तांब्याच्या चाचणीचा आलेख, झाकणाच्या भोकाचा व्यास आणि मजकूर-फाइल, एवढे सगळे आधीच लिहून पाठवले असून, प्रमुख बाईंनी ते मान्य करून तारीख दिली आहे.